दुसरं कार्ड

दुसरं कार्ड तापतच नव्हतं.

पेटीवरचे दोन्ही दिवे हिरवे होते. दोन्ही पंखे फिरत होते. पण उलटा हात लावला की पहिल्या कार्डाच्या बाजूचा पत्रा चटका द्यायचा आणि दुसऱ्या बाजूचा माठासारखा गार. मी मिरजेच्या पाणीपुरवठ्यात पंपावर नोकरी केली. तिथं मोटर तापलीय का बघायची तर उलट्या हातानं बघायची. झटका बसला तर मूठ वळते, आणि सुलटा हात मोटरलाच धरून बसतो. नोकरी संपली, सवय राहिली.

एका लाइनवर दोन पंप चालू असले की कधीकधी त्यातला एक नुसता फिरतो. आवाज येतो, दिवा लागतो, पाणी मात्र दुसराच देत असतो. मला वाटलं, इथंही तसंच झालंय. मी सारखा उठून बघायचो. चहा ठेवला की बघायचो, पेपर अर्धा टाकून बघायचो, फाटकापर्यंत जाऊन परत येऊन बघायचो. रत्ना गेल्यापासून एका जागी बसणं मला जमत नाही.

रत्ना माझी बायको. पेटी तिच्यासाठीच होती. आमची मुलगी ऋतुजा हॅम्बुर्गला असते, तिनं मागवून दिली. हल्ली गेलेल्या माणसाची 'खोली' करून देणाऱ्या बऱ्याच कंपन्या निघाल्यात. घरातले सगळे जुने व्हिडिओ, फोटो पेटीत भरायचे, आतली कार्डं त्यांचं चित्र बनवतात, आपण चष्मा लावायचा, आणि आपल्याच खोलीत ते माणूस दिसायला लागतं. ते आपल्याशी बोलत नाही. विचारलं तर उत्तर देत नाही. व्हिडिओत जे केलं तेच करतं, जे बोललं तेच बोलतं. पण पडद्यावर नाही. समोर, हाताच्या अंतरावर.

माझी रत्ना आमच्या बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून ब्लाउज शिवायची. व्हिडिओ सगळे मीच काढलेले. त्यामुळे पेटीतही ती तेच करायची. पायाखाली मशीन चालायचं, दोरा दातानं तोडायची, मग वर बघून म्हणायची, "पुरे झालं हो. ठेवा तो फोन." आणि हसायची.

मी तिच्या समोर खुर्ची टाकून बसायचो. तेवढा वेळ मात्र बसायचो.

शेवटी कंपनीत फोन केला. सांगलीहून तस्लीम मुल्ला म्हणून एक बाई बोलल्या. पेट्या लावून देण्याचं, तपासण्याचं काम त्यांच्याकडं होतं.

"काका, कार्ड तापतं म्हणून लोक फोन करतात," त्या म्हणाल्या. "तापत नाही म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच."

"दोन कार्डं आहेत तर दोघांनी काम करायला नको?"

"बरं, तुम्ही चष्मा लावून करता काय?"

"काय करणार? बघत बसतो."

"कुठं बसता?"

"समोर."

"रोज समोरच?"

"मग कुठं बसू?"

"काका, उठा. फोन चालू राहू द्या. चष्मा लावा आणि काकूंच्या मागं जाऊन उभे राहा."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पहिलं कार्ड जे कॅमेऱ्यात आलं तेवढंच उभं करतं. शेकडो व्हिडिओंतला एकेक ठिपका घेऊन तो खोलीत नेमका कुठं होता याचा हिशोब लावतं, म्हणून माणूस सपाट न दिसता भरीव दिसतं. पण कॅमेरा जिथं गेलाच नाही तिथं ठिपकेही नाहीत. मशीनच्या खालचा भाग, दाराची आतली बाजू, माणसाची पाठ. ते भरायचं काम दुसऱ्या कार्डाचं. त्यानं लाखो माणसांच्या पाठी आणि लाखो घरांचे कोपरे बघितलेले असतात. त्यावरून इथं काय असेल याचा ते अंदाज करतं आणि पहिल्याच्या चित्राला सांधून टाकतं. समोर बसलेल्या माणसाला अंदाजाची गरजच पडत नाही. म्हणून ते गार.

मी उठलो. रत्नाला वळसा घालायला मला का कोण जाणे अवघड वाटत होतं. तिच्या खांद्याजवळून पुढं गेलो आणि पेटीतला दुसरा पंखा एकदम घोंगावला.

तिची पाठ दिसली. मानेवरचे केस, अंबाडा, खांदे, शिवताना हलणारे हात. तिकडून तस्लीमबाई "काका? दिसतंय ना?" म्हणत राहिल्या. मी हात मागं करून पेटीला लावला. दुसरी बाजू गरम झाली होती.

"चालतंय," मी म्हणालो.

त्या दिवशी मी खुर्चीवर बसलोच नाही. तिच्याभोवती फिरत राहिलो. दोन्ही कार्डं धडधडत होती आणि मला ते बरं वाटत होतं. संध्याकाळी ऋतुजा हॅम्बुर्गहून आपला चष्मा लावून आली. तिकडून जोडून घेतलं की ती इथं पांढऱ्या सावलीसारखी दिसते. तीही मागं गेली.

"बाबा, अगदी आई! किती छान दिसतेय. आता वेळ नका घालवू. पक्कं करून टाका."

पक्कं करणं म्हणजे दोन्ही कार्डांचं काम एकात मिसळायचं. तपासणीपुरतंच दुसरं कार्ड कंपनी देते, नंतर परत नेते. पक्कं केलं की एका कार्डावर सगळं चालतं, फोनवरसुद्धा, आणि कुठंही पाठवता येतं. पण मग त्यातलं कॅमेऱ्यात आलेलं कुठलं आणि भरलेलं कुठलं हे कुणालाच वेगळं काढता येत नाही, कंपनीलाही नाही. पक्कं न करताच कार्ड परत दिलं तरी पाठवता येतं, पण जिथं भोक आहे तिथं भोकच राहतं. ऋतुजाला ते तिच्या घरी हवं होतं. तिची इरा चार वर्षांची. आजीच्या मांडीवर ती एकदाच बसली होती, तेही तान्ही असताना.

"इराला पूर्ण आजी दिसू दे बाबा," ऋतुजा म्हणाली. "अर्धी नको."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना एकदम लक्षात आलं. लटकन! पेटीतल्या रत्नाच्या ब्लाउजला पाठीवर गाठ होती आणि गाठीला दोन लटकनं होती. रत्नानं अर्ध्या मिरजेच्या ब्लाउजना लटकनं लावून दिली असतील, पण स्वतःच्या ब्लाउजला जन्मात लावली नाहीत. "मला टेकून बसायचं असतं, गाठ टोचते," म्हणायची. शिवाय तो अंबाडा. काम करताना ती केस वर गुंडाळून त्यात खडूची पेन्सिल खोचायची. आणि कोपराच्या वर, दंडाच्या मागच्या बाजूला, इस्त्रीचा डाग होता. पेटीतला दंड कोरा.

तस्लीमबाई तपासणीला आल्या तेव्हा मी दारातच म्हणालो, "चालतंय, पण खोटं दाखवतंय."

"आधी चहा तरी विचारा काका," त्या म्हणाल्या. चाळिशीतली बाई, खांद्याला जड बॅग, बोलणं भरभर. त्यांनी स्वतःचा चष्मा लावला आणि रत्नाच्या बाजूला, कानाच्या रेषेत उभ्या राहिल्या. "जोडी नीट चालतेय का ते इथं कळतं. समोरून पहिलं कार्ड, मागून दुसरं. सांधा इथं येतो. दोघांची वेळ जुळत नसेल तर कान थरथरतो." त्या पुढं झाल्या, मागं झाल्या, खाली वाकल्या. कान जरासा हलत होता. त्यांनी पेटीत काहीतरी केलं, मग हलायचा थांबला. "झालं. दोन्ही कार्डं एकदम व्यवस्थित."

"आणि लटकन?"

"तो अंदाज आहे काका. खोटं नाही. त्या वयाच्या, तसली साडी नेसणाऱ्या बायकांचे ब्लाउज बघून त्याला वाटलं, असेल. तुमच्याकडं पाठमोरा फोटो आहे?"

नव्हता. मी फोन उघडला की आधी "इकडं बघ" म्हणायचो. आमच्याकडं सगळेच म्हणतात. लग्नात, बारशाला, सहलीला, सगळ्यांची तोंडं इकडं. पाठ दिसली तर फोटो फुकट गेला म्हणायचे.

"मग तोंडी सांगा. तेही चालतं."

मी सांगत गेलो. लटकनं गेली. पाठीला साधी हुकांची पट्टी आली. केसांत पेन्सिल आली. "डाव्या कोपराच्या वर इस्त्रीचा डाग," म्हणालो, आणि म्हणेपर्यंत तो उमटलासुद्धा. तपकिरी, जरा चकाकणारा. मी बघतच राहिलो. तोच डाग.

"करू पक्कं?" तस्लीमबाईंनी विचारलं.

मी म्हणावं आणि रत्नाच्या अंगावर डाग उमटावा, इतक्या पटकन, ते मला सोसलं नाही. कुणी मला विचारलंच नव्हतं, खरंच का, नक्की का, म्हणून.

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हणालो.

"कार्ड सोमवारी न्यावंच लागेल. पुढच्या घरी द्यायचंय."

"सोमवारी या."

त्या गेल्यावर मी चपला घालून तडक इंदूताईकडं निघालो. इंदूताई म्हणजे रत्नाची जोडीदार. दोघी मिळून शिवायच्या. आमच्या खोलीत दोन मशीन होती, एकामागं एक. पुढं रत्ना, मागं इंदूताई. आता त्या सुनेकडं ब्राह्मणपुरीत राहतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी काजं करतात.

"या दाजी," त्या म्हणाल्या. "वाळलात की ओ. जेवता का नाही?"

मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, "रत्नाच्या डाव्या कोपरावर डाग होता ना इस्त्रीचा?"

"डाव्या?" त्यांनी सुई ब्लाउजला खोचली. "उजव्या."

"डाव्या हो."

"दाजी, उजव्या. माझ्याच हातनं इस्त्री लागलेली तिला. मी विसरीन होय?"

"मी नवरा आहे तिचा."

"असाल. मी तिच्या मागं बसलेली इतकी वर्षं. तुम्ही कुठं बसायचात?"



"समोर," त्याच म्हणाल्या. "फोन घेऊन. काम करू द्यायचा नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बसा की. पोहे टाकायला सांगते."

मी पोहे खाल्ले की नाही आठवत नाही. घरी येऊन चष्मा लावला आणि पेटीला सांगितलं, डाग उजवीकडं घे. डाग डावीकडून पुसला गेला आणि उजवीकडं आला. मी बघितलं. तोच डाग. तोही खराच वाटला. परत डावीकडं घेतला. तोही खरा. मी कितीतरी वेळ तो डाग इकडून तिकडं नेत राहिलो, दुसऱ्या कार्डाचा पंखा ओरडत राहिला, आणि दर वेळी मला वाटायचं, हाच.

चष्मा काढून ओट्यावर ठेवला. डोळे मिटून रत्नाची पाठ आठवायला लागलो. स्वयंपाकघरात, भाकरी थापताना. नळावर. बाजारात माझ्या पुढं चालताना. पाठ आली, पण तिच्यावर गाठ होती आणि गाठीला दोन लटकनं होती.

मी घरातून बाहेर पडलो. स्टेशनपर्यंत चालत गेलो, परत आलो, परत निघालो. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं, काहीतरी विचारलं, मी काहीतरी म्हणालो. डोक्यात एकच होतं. पंप बंद पडला तर कळतं, नळाला पाणी येत नाही. पण एकाच्या बदल्यात दुसरा चालू झाला आणि नळाला पाणी येतच राहिलं, तर घरातल्या माणसाला काय कळणार? माझ्या आठवणीचं तसं होत होतं. आणि रविवारी हो म्हटलं की ऋतुजाकडं, इराकडं, सगळीकडं तेच पाणी जाणार होतं.

पण ऋतुजाला काय सांगू? तिची आई तिच्यापासून काढून घेऊ?

तिला फोन केला. "थोडं चुकतंय गं यात," म्हणालो.

"काय चुकतंय?"

"पाठ."

"बाबा," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "पाठ कोण बघतं? मी तर बघितली, मला छान वाटली. तुम्ही ना, सोडतच नाही आईला. मलाही थोडी द्या की."

ते मला लागलं. तिचं खरं होतं. मी रोज चष्मा लावून बसायचो आणि तिला आठवड्यातून एकदा सावली होऊन यावं लागायचं.

रविवारी दुपारी ऋतुजा आणि इरा चष्मे लावून येणार होत्या. सकाळपासून मी पेटीभोवती घुटमळत होतो. शेवटी बटण बंद केलं, पत्रा उघडला, खटका दाबला आणि दुसरं कार्ड ओढून काढलं. आपल्या हाताएवढं, वजनाला जड. अजून कोमट होतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पेटी चालू केली. एक दिवा हिरवा, एक काळा.

त्या आल्या. एक मोठी पांढरी सावली, एक बुटकी. रत्ना मशीनवर बसली होती. "पुरे झालं हो. ठेवा तो फोन," म्हणाली आणि हसली. इरानं तिच्यासमोर उभं राहून हात हलवला. पोरगी एका जागी थांबणारी नव्हतीच, माझ्यावरच गेलीय. ती पळत आजीच्या मागं गेली आणि तिथंच थबकली.

"मम्मा, आजीची पाठ कुठंय?"

मागं काहीच नव्हतं. समोरून रत्ना होती, बाजूनं कानापर्यंत होती, आणि तिथून पुढं नुसतं राखाडी धुकं.

ऋतुजा तिकडं गेली. "बाबा! दुसरं कार्ड बंद पडलंय."

"पडलं नाही. मी काढलंय."

"काढलंय? का?"

मला जे सांगायचं होतं ते सगळं विसरलो. पंपाचं, पाण्याचं, काहीच आठवेना. "डाग कुठल्या हाताला होता ते मला आठवत नाही," एवढंच म्हणालो. "मी काहीही सांगितलं तरी ते हो म्हणतं."

ऋतुजा रागावणार असं वाटलं. तिची सावली त्या धुक्यासमोर उभी होती. इरा तिचा हात ओढत होती.

"इस्त्रीचा?" तिनं विचारलं.

"हो."

"उजव्या." तिचा आवाज बदलला होता. "उजव्या हाताला होता बाबा. ॲक्सिलरेटरचा हात. आई मला स्कूटीवर शाळेत सोडायची ना, मी मागं बसायचे. सिग्नलला थांबलो की मी त्या डागावर बोट ठेवायचे. टोकदार होता, इस्त्रीच्या नाकासारखा. आणि मग ती हात झटकायची, गुदगुल्या होतात म्हणून. पावसात मी तिच्या रेनकोटच्या आत डोकं घालायचे. मशीनच्या तेलाचा वास यायचा. ब्लाउजला सगळीकडं वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याची शिलाई, गिऱ्हाइकाचा उरलेला दोरा वापरायची, आणि मी तो दोरा उसवत बसायचे, आणि घरी गेल्यावर..."

ती थांबली.

"बाबा, मी अख्खी शाळा या पाठीमागं बसून केली. आणि त्या दिवशी मी इथं उभी राहिले, आणि मला यातलं काही आठवलं नाही. छान दिसतंय म्हटलं आणि गेले."

रत्ना दोरा तोडत होती. मी माझ्या खुर्चीच्या जागी उभा होतो, नेहमीसारखा समोर. तिचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला होता. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी हसायला लागलो, आणि मग चष्म्याच्या आत ओलं झालं आणि काही दिसेना.

"तू घरी गेल्यावर काय व्हायचं?" इरा विचारत होती. "मम्मा, दोरा काढल्यावर आजी काय म्हणायची?"

"थांब, सांगते," ऋतुजा म्हणाली. ती खाली बसली, धुक्याच्या अगदी जवळ. इरा तिच्या मांडीवर बसली. मला वाटतं त्या मला विसरल्याच होत्या.

निघताना ऋतुजा म्हणाली, "असंच पाठवा बाबा. भोकासकट."

सोमवारी तस्लीमबाई आल्या. मी कार्ड वर्तमानपत्रातून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"पक्कं नाही केलंत? काय झालं, नीट चालत नव्हतं?"

"चालत होतं," मी म्हणालो. "फार चांगलं चालत होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं बघितलं. कार्ड बॅगेत ठेवताना म्हणाल्या, "माझ्या अम्मीचंही तसंच ठेवलंय मी. कंपनीत सांगू नका." आणि चहा घेऊन गेल्या.

आता पेटीची ती बाजू रिकामी आहे. तरी येता-जाता उलटा हात लावून बघतो. गार असते.

काल खुर्ची समोरून उचलली आणि मशीनच्या मागं नेऊन ठेवली, इंदूताई बसायच्या तिथं. चष्मा लावला नाही. रत्नाच्या स्टुलाकडं तोंड करून बसलो. ऋतुजाचा फोन आला तोवर मी तिथंच होतो. इराला काहीतरी विचारायचं होतं म्हणे, आजीच्या पेन्सिलीबद्दल.